काजूखालची आतली खोली

१

तुम्ही कधी झाडाच्या आत बसून चहा प्यायलात का? झाडाखाली नव्हे हं, आत.

आमच्या घरामागे काजूचं एक झाड आहे. त्याला झाड म्हणायचं म्हणून म्हणायचं. काजूला उंच जायची हौस नसते, पसरायची असते. फांद्या आडव्या निघतात, लांब होतात, मग आपल्याच वजनाने वाकतात आणि जमिनीला टेकतात. जिथे टेकतात तिथे मुळं धरतात आणि पुन्हा वर उठतात. आमचं झाड असं वाकत, टेकत, उठत इतकं पसरलंय की लांबून पाहिलं तर हिरवा ढिगारा वाटतो, आणि आत शिरलं की खोल्या. टेकलेल्या फांद्यांच्या भिंती, वर पानांचं छप्पर. पानं जाड, चामड्यासारखी, बारा महिने हिरवी. जुनी पानं गळतात, पण कधी गळतात ते समजत नाही, कारण तोवर नवी तांबूस पालवी आलेली असते. बोडकं झालेलं काजूचं झाड मी तरी कधी पाहिलेलं नाही.

आमचा धंदा काजूचा. मी, माझे मिस्टर आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, अशी तिघं मिळून करतो. मोठे दीर माल घेऊन शहरात फिरत असतात, ते पाहुण्यासारखे येतात आणि जावयासारखे जेवून जातात. बी वाळवायची, वाफवायची, गार झाली की फोडायची, आतला गर अलगद काढायचा, तो शेकून वरची तांबडी साल सोलायची, मग अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. घरात हे सगळं करायला जागा नाही आणि पत्र्याची शेड तापते, म्हणून आम्ही झाडातच बसतो. खोल्यांना नावंसुद्धा आहेत. फोडायची खोली, सोलायची खोली, चहाची खोली. जाऊबाई रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडताना पिशवी खांद्याला लावून मोठ्याने म्हणतात, "चला, मी ऑफिसला निघाले. साहेबांनी फोन केला तर सांगा." आणि अंगण ओलांडून झाडात शिरतात.

त्या झाडाचं काही म्हणजे काही वाया जात नाही. टरफल चुलीला जातं. टरफलातलं तेल लाकडाला लावलं की वाळवी फिरकत नाही. खोडातून डिंक पाझरतो, तो पुस्तकं बांधणारा घेऊन जातो, त्याने बांधलेल्या पुस्तकाला कीड लागत नाही म्हणतो. फक्त एक काम दरवर्षी विसरायचं नाही. मोहोर यायच्या आधी खाली वाकलेल्या नव्या फांद्यांना टेकू लावायचे. कारण काजू तोडायचा नसतो, तो पिकून खाली पडतो आणि आपण वेचायचा असतो. फांदी जमिनीला टेकली की तिच्याखाली ना झाडू जातो ना हात. एवढंच कारण. दुसरं काही नाही, आणि मला कुणी दुसरं काही सांगितलंही नव्हतं.

२

माझी धाकटी बहीण आली ती मोहोराच्या दिवसांत. सगळं अंगण त्या गोडसर वासाने भरलं होतं आणि मधमाश्यांचा नुसता गलका चालला होता.

आमच्या गावच्या बसचा कंडक्टर मोठा बोलका. त्याने तिची बॅग स्वतः खाली उतरवून दिली आणि हळूच मला म्हणाला, "ताई, वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत हो. मी दोन विनोद सांगितले, तेही वाया गेले."

"तुमचे विनोद जुने असतील," मी म्हटलं.

धाकटीचा नवरा वीज दुरुस्तीचं काम करायचा. हसरा माणूस. तापाचं निमित्त झालं आणि गेला. त्यानंतर धाकटी जणू कुणीतरी बटण बंद करावं तशी बंद झाली. आई गेल्यावर तिला मीच वाढवलं होतं. तिच्या वेण्या घातल्या, तिची गणितं सोडवली, लग्नात तिच्यापेक्षा जास्त मीच रडले. त्यामुळे ती मला बहिणीपेक्षा लेकीसारखीच. आणि ती लेक आता माझ्यासमोर बसून ताटातल्या भाताकडे बघायची आणि "हं" म्हणायची.

ती बालवाडीत शिकवत होती. तिथल्या मोठ्या बाईंनी तिला खूप सांभाळून घेतलं होतं. या वेळी मात्र त्यांनी स्पष्ट कळवलं होतं की सुट्टी संपल्यावर ती आली तर ठीक, नाहीतर मुलांसाठी दुसरी बाई बघावी लागेल. ती नोकरी गेली तर धाकटी स्वतःच्या बंद खोलीतून पुन्हा कधीच बाहेर पडणार नाही, हे मला दिसत होतं. म्हणून मी ठरवलं की सुट्टीत तिला माणसांत आणायचंच. मला माझी बहीण परत हवी होती, बाकी काही नको होतं.

३

पहिले काही दिवस ती फोडायच्या खोलीत नुसती बसून असायची. जाऊबाई तिला हसवायला जिवाचं रान करायच्या.

"हे बघ," त्यांनी एक पिकलेलं बोंड तिच्या हातात दिलं. पिवळंधमक, रसाने टच्च भरलेलं, आणि टोकाला राखाडी बी लटकलेली. "देवाचं पण कसं बघ. सगळ्या फळांची बी आत ठेवली आणि काजूची विसरला. मग घाईघाईत बाहेर चिकटवून दिली."

मी शाळेतलं आठवून म्हटलं, "ते फळ नाहीच मुळी. गुरुजी सांगायचे, बोंड म्हणजे फुगलेला देठ. खरं फळ म्हणजे ती बीच."

"म्हणजे आम्ही इतकी वर्षं देठ खात होतो?" जाऊबाई दचकल्याचं सोंग करत म्हणाल्या. "आणि आमचे हे गप्प बसले होते!"

धाकटी हसली नाही. पण तिने मान वर करून समोरच्या फांदीकडे पाहिलं. त्या फांदीला टेकू होता आणि टेकूच्या बाजूने उन्हाचा एक पट्टा थेट तिच्या तोंडावर येत होता.

"ताई," ती म्हणाली, "ही फांदी जरा खाली आली ना, तर पलीकडे छान सावली होईल."

आल्यापासूनचं तिचं पहिलं पूर्ण वाक्य. मी काही बोलायच्या आत आमच्या मिस्टरांनी जाऊन टेकू काढलासुद्धा.

"मेव्हणीने मागितलं असतं तर भावोजींनी झाडही उपटून दिलं असतं," जाऊबाई म्हणाल्या. "मी गेल्या वर्षी एक खुर्ची मागितली होती, ती अजून येतेय."

फांदी हळूच खाली आली. कुणीतरी दमून बसावं तशी. पानं जमिनीवर पसरली आणि तिच्या पलीकडे एक लहानशी हिरवी जागा तयार झाली. धाकटी आपलं बीचं टोपलं आणि हाताने दाबायचं एक कटर घेऊन तिथे जाऊन बसली. त्या जागेला आम्ही आतली खोली म्हणायला लागलो.

आणि दोन-चार दिवसांत आतल्या खोलीतून हसू ऐकू आलं.

जाऊबाईंच्या हातातला काजू खाली पडला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. "माझा देठाचा विनोद आत्ता कळला वाटतं तिला," त्या कुजबुजल्या. मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

४

त्यानंतरचे दिवस फार सुखाचे गेले. हे मी मुद्दाम सांगते, कारण ते खरंच तसे होते.

धाकटी गाणी म्हणायला लागली. जाऊबाईंनी तिला आपली नारिंगी साडी दिली, ती नेसून ती घरभर फिरायची. जेवताना ती बालवाडीतल्या मुलांच्या नकला करायची आणि आमचे मिस्टर घास घशात अडकून खोकायचे. तिचं टोपलंही बघण्यासारखं असायचं. नवख्या माणसाच्या हातून अर्धे काजू फुटतात. तिचे सगळे अख्खे.

"हिला आपल्याकडेच ठेवून घेऊ," जाऊबाई म्हणायच्या. "माझी बदली सोलायच्या खोलीत करा. मला प्रमोशन द्या."

एके दिवशी जेवताना मी तिला लोणचं वाढलं आणि तिने हात पुढे केला. गोरा, मऊ, स्वच्छ हात.

मी माझे हात बघितले. आता तुम्हाला हे सांगायला हवं. काजूच्या टरफलात एक चीक असतो, तो कातडी जाळतो. आम्ही आधी हाताला तेल लावतो, मग राख, तरीही बोटांची टोकं काळी पडतात आणि सालपटं निघतात. कितीही घासा, जात नाही. बाजारात गेलं की लोक हात बघून विचारतात, "काजूवाल्या ना?" जाऊबाई तर म्हणतात, आम्हाला मेंदी काढायचा खर्चच नाही. आणि हिने इतके दिवस बी फोडली होती.

"हातमोजे घालतेस ना गं?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली आणि हसली. "तूच दिलेस की."

मला बरं वाटलं. दुपारी मी फोडायच्या खोलीत गेले. खुंटीला हातमोजे टांगलेले होते. एकाच्या मनगटापासून फांदीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं, जुनं, त्यात वाळलेलं पान अडकलेलं. मी मनाला म्हटलं, दुसरे असतील. घरात हातमोजे काय एकच असतात?

दुसरे नव्हते. विकत मीच आणते.

५

पुढचं झालं ते भर दुपारी. अंगणात ऊन लख्ख पडलं होतं, मिस्टर बाजारात गेले होते आणि जाऊबाई चहाच्या खोलीत पाय पसरून पेंगत होत्या. मी अंगणात बी पसरत होते.

काजू फोडायचा आवाज मला झोपेतही ओळखता येतो. कटरचा दांडा दाबला की टक्, मग टरफल दुभंगल्याची बारीक करकर, मग बी टोपलीत पडल्याचा आवाज. प्रत्येकाची लय वेगळी असते. जाऊबाई बोलत बोलत फोडतात म्हणून त्यांची लय अडखळते. आतल्या खोलीतून येणारी लय एकसारखी होती. टक्, करकर, टप्. टक्, करकर, टप्. न थांबता, न दमता. ऐकून मला आपलं बरंच वाटत होतं, पोरगी कामाला लागली म्हणून.

"ताई, पाणी दे गं," धाकटी माझ्या मागून म्हणाली.

ती माझ्याशेजारी उभी होती. नारिंगी पदर डोक्यावर घेतलेला, गाल लाल झालेले. मी तिला माठातलं पाणी दिलं. ती ते घटाघट प्यायली.

टक्, करकर, टप्.

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आत कोण आहे?" मी विचारलं.

"कुठे?"

"आतल्या खोलीत. काजू कोण फोडतंय?"

"मीच की," ती म्हणाली, तोंड पुसलं आणि हसली. इतकं छान हसली की मीही हसले. मग ती पानं बाजूला करून आत गेली. ती आत गेल्यावर आवाज वाढला नाही, कमी झाला नाही. तोच राहिला.

सुतारपक्षी असेल, मी म्हटलं. नाहीतर शेजारी कुणीतरी काही ठोकत असेल. मी चहाच्या खोलीत जाऊन जाऊबाईंना हलवलं. "ऐकता का?"

त्यांनी एक डोळा उघडून ऐकलं. "पोरगी काम करतेय. तूही कर," म्हणाल्या आणि कूस बदलली.

त्या रात्री मी शांत झोपले, असं मी सकाळी सगळ्यांना सांगितलं.

६

सुट्टी संपत आली. दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बसने धाकटी जाणार हे ठरलं. तिने बालवाडीच्या बाईंना फोन करून असं काही हसवलं म्हणे, की त्या म्हणाल्या, लवकर या, मुलं वाट बघतात. माझं सगळं मनासारखं झालं होतं. मी आमच्या यांना म्हटलं, "आता ती फांदी पुन्हा उचलून ठेवा. तिच्याखाली बरीच बी पडली असेल."

हे टेकू घेऊन गेले आणि परत आले. "जरा हात लाव," म्हणाले.

आम्ही दोघांनी मिळून फांदी उचलून बघितली. ती हलेना. मी खाली वाकले, पानं सारली. फांदी जिथे जमिनीला टेकली होती तिथे मनगटाएवढी मुळं मातीत गेली होती. त्या मुळांवर शेवाळ होतं.

"एवढ्या दिवसांत?" मी म्हटलं. फांदीला मुळं फुटायला किती काळ लागतो ते यांना माझ्याहून चांगलं ठाऊक.

यांनी डोकं खाजवलं. "गेल्या वर्षीच टेकली असेल. आपलं लक्ष नसेल."

"टेकू तुम्ही स्वतः काढलात ना?"

"मग बाजूची असेल ती," हे म्हणाले आणि टेकू उचलून निघाले. जाता जाता मागे वळून म्हणाले, "तिथे फार वेळ थांबू नकोस. ऊन आहे." तिथे ऊन नव्हतं. म्हणून तर ती जागा केली होती.

७

दुपारी धाकटी घरात बॅग भरत होती. खिडकी उघडी होती आणि तिचं गाणं अंगणात ऐकू येत होतं, बालवाडीतलंच कुठलंतरी, टाळ्या वाजवायचं. मला वाटलं, तिने फोडलेले काजू तिच्याबरोबर मुलांना द्यावेत. तिचं टोपलं आणायला मी आतल्या खोलीत गेले. खरं सांगायचं तर इतक्या दिवसांत मी आत एकदाही गेले नव्हते. तिचा तो कोपरा, तिचा आनंद, आपण कशाला मधे जायचं, असं वाटायचं.

पानं बाजूला करून आत वाकले. वाटलं होतं त्याहून जागा मोठी होती. पुढे आणखी एक फांदी टेकलेली होती, तिच्यापुढे आणखी एक. मला आठवतं त्याप्रमाणे तिथे कुंपण यायला हवं होतं. कुंपण नव्हतं. हिरवा उजेड होता, पाण्याखाली असतो तसा. खाली टरफलांचा खच. मोहोराचा वास इतका दाट होता की घशाला गोड चव आली. मागे घरातून गाणं ऐकू येत होतं, अगदी स्पष्ट, टाळ्यांसकट.

आणि पुढून टक्, करकर, टप्.

मी उभी राहिले. उन्हातून आल्यावर डोळ्यांना अंधारी येते, मी म्हटलं. वय होत चाललंय, चष्मा बदलायला हवा. हे सगळं मी मनात अगदी नीट, शहाण्या बाईसारखं म्हटलं, आणि पानांच्या फटीतून पाहिलं.

मला पाठ दिसली. निळी साडी, धाकटी ज्या दिवशी आली त्या दिवशीची. मान दिसली. त्या मानेवर मी किती वर्षं वेणी घातली आहे. ती मान मी हजारांत ओळखेन. आणि दोन हात दिसले. मनगटाच्या वरपर्यंत काळे, बोटांची सालं लोंबलेली. एक हात बी ठेवत होता, दुसरा दांडा दाबत होता.

हात थांबले. मान वळली नाही.

"ताई," आवाज आला. तो थकलेला, कोरडा, जेमतेम निघणारा आवाज. ताटाकडे बघून "हं" म्हणणारा. "ताई, मी येऊ का आता बाहेर?"

घरातलं गाणं थांबलं. "ताई!" खिडकीतून हसत हाक आली. "चहा टाकतेय गं मी! ये लवकर!"

मी तुम्हाला खरं सांगते, एक क्षणभर मी त्या हसऱ्या हाकेकडेच वळले होते. इतकी गोड हाक होती. आणि उद्या तिला बस पकडायची होती, मुलं वाट बघत होती, आणि सगळं किती छान झालं होतं.

मग मी पानांतून हात घातला आणि तो काळा हात धरला. तो पोळल्यासारखा गरम होता. मी ओढला. तो लगेच आला नाही. फांदीसारखा जड होता, जणू दुसऱ्या बाजूनेही कुणीतरी प्रेमाने धरून ठेवला होता. मी दोन्ही हातांनी धरला, पाय टरफलांत रोवले आणि लहानपणी तिला शाळेला उठवायची त्या आवाजात ओरडले, "उठ बघू आधी! चल, पुरे झालं!"

८

आम्ही अंगणात आलो तेव्हा मला ऊन इतकं आवडलं की काय सांगू. धाकटी माझ्या खांद्यावर टेकून चालत होती. मी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही, फक्त हात सोडला नाही.

स्वयंपाकघरात चुलीवर चहा उकळत होता. चार कप ओळीने मांडलेले होते. जाऊबाई दारात उभ्या होत्या.

"अगं, आत्ता तर इथे होतीस!" त्या धाकटीला म्हणाल्या. "साखर घाला म्हणून मला सांगून वळलीस काय आणि गेलीस कुठे? आणि हे काय गं, एवढ्यात हात कसे काळे करून आलीस? आणि माझी नारिंगी साडी कुठाय?"

धाकटी जमिनीवर बसली आणि तिने चहाचा कप दोन्ही काळ्या हातांत धरला. तिला कप नीट धरता येत नव्हता. मी तिला बशीतून चहा पाजला. ती तो सगळा प्यायली आणि तिने आणखी मागितला. मग आणखी. मग भात मागितला. मी वाढत राहिले, जाऊबाई बघत राहिल्या. शेवटी त्यांच्या तोंडातून विनोद निघेनासा झाला. लग्न होऊन मी या घरात आल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं.

"हिचं काय झालं?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

"परत आलीय," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

संध्याकाळ व्हायच्या आत मी आणि हे गेलो आणि आतल्या खोलीच्या तोंडाशी सगळे टेकू आडवे लावून बांधून टाकले. यांनी का म्हणून विचारलं नाही. आतून काही आवाज येत नव्हता. मधमाश्यांचाही नाही.

धाकटीला मी माझ्या खाटेवर झोपवलं. भरलेली बॅग दुपारी त्याच खाटेवर होती. आता ती तिथे नव्हती. मी खाटेखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, यांना विचारलं. मग शोधायचं सोडून दिलं आणि तिच्या उशाशी बसून तिचे केस विंचरले. ती झोपेत एकदा माझ्याकडे वळली आणि तिने तिच्या नवऱ्याला हाक मारली. किती दिवसांनी. त्या हाकेने मला समाधान वाटलं. दुखतंय म्हणजे आपलीच आहे.

नोकरीचं बघू, मी ठरवलं. सकाळी थांब्यावर जाऊन कंडक्टरजवळ निरोप द्यायचा की बालवाडीच्या बाईंना सांगा, माझी बहीण आजारी आहे, अजून थोडे दिवस सांभाळून घ्या.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी बस आली तेव्हा आतून हसण्याचा आवाज येत होता, एकाचा नाही, सगळ्या बसचा. कंडक्टर डोळे पुसत दारात आला. "काय ताई, त्यांचं काही राहिलं का?"

"कुणाचं?"

"तुमच्या बहीणबाईंचं. अहो, त्या मागच्या वळणावरच चढल्या, तुमच्या कुंपणापाशी. येताना गप्प होत्या, आणि आता बघा! पोट दुखायला लागलं हो हसून हसून. बालवाडीतली पोरं खूश होणार." त्याने घंटी वाजवली.

खिडक्यांच्या काचांवर ऊन पडलं होतं, त्यामुळे आतलं काही दिसलं नाही. बस धुरळा उडवत निघून गेली. मी घरी परत आले तेव्हा धाकटी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती आणि जाऊबाई तिच्या हातांना तेल लावत होत्या.